आवळ हाताच्या सुया

कांताची कानटोपी अर्धवट राहिली होती. चार वर्षांच्या लेकीसाठी, दिव्यासाठी, तिने ती विणायला घेतली होती, गळ्यापासून हनुवटीपर्यंत आणलीही होती. पावसाळ्यात ताप डोक्यात चढला आणि ती गेली. लाल लोकर, पोलादी सुया सगळं तसंच पिशवीत राहिलं. हिवाळ्यात धाकटी बहीण नूतन नागभीडहून राजुऱ्याला आली ती पोरीला सांभाळायला. भाऊजी कुलदीप खाणीत पाळीवर जात. वसाहतीच्या मागच्या झुडपात वाघ दिसला होता, त्यामुळे दुपारनंतर बाया दार लावूनच बसत.

नूतनने टोपी पुरी करायला घेतली. पण तिचा हात सैल. गुळगुळीत पोलादावरून टाके सटकू लागले. त्या पोलादी सुया सोबत घेऊन ती बाजारात मीराबाईच्या दुकानात दुसऱ्या सुया बघायला गेली.

"हात कसा हाये तुमचा? सैल का आवळ?" मीराबाईने विचारलं.

"सैल. बाईचा, माह्या मोठ्या बहिणीचा, मात्र आवळ होता."

"मंग ह्या पोलादी तिच्यासाठीच बऱ्या. आवळ हाताले सुई सरकती पायजे. तुम्हाले बांबूची घ्या, टाका धरून ठेवते. अन् एक नंबर बारीक, म्हंजे वीण तिच्यासारखी दिसन."

बांबूच्या सुया हातात चांगल्या बसल्या. दुपारी नूतनने बोटभर विणलं. जोड जेमतेम ओळखू येत होता. काम खाटेवर ठेवून, दाराला कुलूप लावून ती दिव्याला अंगणवाडीतून आणायला गेली. परत आली तेव्हा तिच्या सगळ्या ओळी उसवलेल्या होत्या. कांताच्या शेवटच्या ओळीपर्यंत, अगदी नीट. टाके पोलादी सुईवर चढवलेले आणि उसवलेली लोकर गुंड्यावर गच्च गुंडाळलेली.

संध्याकाळी तिने कुलदीपला सांगितलं. त्याने भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं.

"आपल्यात हे भूतबीत मानत नाई, नूतन. तूच उसवलं असन, ध्यानात नसन."

"मी काऊन उसवीन, भाऊजी?"

त्याने ताट पुढे ओढलं. पण जेवताना त्याची नजर दोनदा त्या पिशवीकडे गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. नूतनने प्लास्टिकच्या सुया घेऊन पाहिल्या, बांबूच्या आणखी बारीक आणल्या. कुलूप लावून बाहेर गेलं की काम उसवलेलं, आणि टाके पुन्हा पोलादावर. शेवटी ती चिडली. "बरं बाई, तुह्याच सुयानं विणते," असं मोठ्याने म्हणून तिने पोलादी सुया उचलल्या.

ओसरीचं जाळीचं दार लावून ती तिथेच बसली, दुपारचं ऊन आत येत होतं. दिव्या आत झोपली होती. पहिल्या ओळीतच नूतनचा हात आवळला. लोकर तर्जनीवर दोनदा गुंडाळली गेली. ती कांताची सवय. नूतनने तसं कधीच केलं नव्हतं. एकही टाका सटकेना. वीण कांताच्याच विणीला अशी मिळाली की जोड दिसेना. नूतनला आधी बरं वाटलं. मग बोटं दुखू लागली आणि तिला थांबता येईना. तिने सुया खाली ठेवायचं ठरवलं. हात विणतच राहिले.

"मावशी, झाली का?"

नूतन दचकली. सुया थांबल्या. ऊन ओसरीतून केव्हाच गेलं होतं. दिव्या समोर उभी होती. मांडीवर टोपी होती, माथ्यापर्यंत पुरी मिटलेली. चेहऱ्यासाठी मध्ये जागा सोडायची असते, ती सोडलेलीच नव्हती. घट्ट, सलग, लाल वीण. बोट जाईल एवढीही फट नाही.

"घाल ना मले," दिव्या हात पुढे करून म्हणाली. "आई म्हणे, हे घातलं का मंग तिच्यापाशी थंडी नाई वाजत."

"आई कधी म्हणाली?"

"आत्ता. तू विणून राह्यली होती तेव्हा."

टोपी आणि दिव्याला घेऊन नूतन आत गेली. तिने दिव्याला एका हाताने कडेवर घेतलं, दुसऱ्याने कात्री. हनुवटीच्या ओळीवर तिने टोपी कापली. वरची सगळी लोकर ओढून काढली. ती सहज निघेना. प्रत्येक ओळ जणू कोणी दुसऱ्या टोकाने धरून ठेवली होती.

"बाई," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "तुह्या हातासारखा माहा हात नाई. पण पोरगी इथीच राहीन. माह्यापाशी. तू जाय आता."

खोलीत काही हललं नाही. तिने सुटे टाके बांबूच्या सुईवर उचलले आणि दिव्याला मांडीवर बसवूनच विणायला लागली. सैल, आपल्या हाताची वीण. मध्ये चेहऱ्याएवढी मोठी जागा सोडली.

टोपी झाली ती दोन हातांची वाटावी अशी. खाली घट्ट, वर ढिली. कुलदीपने ती हातात घेतली, जोडावर अंगठा फिरवला. "ही वरची तुही," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्यानंतर काही उसवलं नाही.

सकाळी दिव्या टोपी घालून अंगणवाडीला निघाली. पाण्याच्या टाकीजवळ ती थांबली, झुडपांकडे वळून तिने हात हलवला. तिकडे कोणीच नव्हतं. नूतनने विचारलं नाही. तिने दिव्याचं मनगट घट्ट धरलं आणि दोघी झपाझप चालू लागल्या.