गोल भिंतीनं पोचवलेली अर्धी गोष्ट

“सोनूबाईला त्या गाळ्यातून काढायचं म्हणून राह्यलाय हर्ष...” लाडबाई नातसुनेला हळूच म्हणाल्या, अन् तेवढ्यात रस्त्यावरून सळ्यांचा ट्रक खडखडत गेला. पुढचं त्या आवाजात बुडालं.

बुडालं ते ट्रकमुळं. पोचलं ते माझ्यामुळं. मी जालन्यातल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सची गोल भिंत बोलतेय.

खाली दुकानं, मधे दवाखाने, वर फ्लॅट, अन् या सगळ्यांच्या कडेनं मी ओढ्यासारखी वळत गेलेली. लोक माझ्यापुढं उभं राहून फोटो काढतात. पण माझी एक खोड आहे. या टोकाला कुणी कुजबुजलं, की ते मला धरून धरून त्या टोकाला बराबर जातं.

त्या टोकाला सोनूबाई दारात शिलाई मशीन मांडून बसते. घनसावंगीहून येऊन तिनं दुकान थाटलं. गाळा लाडबाईंचा, हर्ष त्यांचा नातू.

ऐकलं तसा तिचा पाय मशीनवरच थांबला. विचारायला गेली नाही. रीळं, फिती पिशवीत भरू लागली. लाडबाईंनी बेसनाच्या गट्ट्याची भाजी दिलेला डबा होता, तो घासून तसाच मोकळा धाडला. चिमूटभर साखरसुद्धा घातली नाही.

डबा बघून लाडबाई गुडघे धरत सगळं वळण चालत आल्या.

“साखर संपली व्हय गं?”

“साखर हाय. दुकान कुठं राह्यलं, काकी?”

“कोण म्हणलं?”

“तुम्हीच. भिंतीनं सांगितलं.”

लाडबाई स्टुलावर टेकल्या. “अगं, तूच रोज कुरकुर करती. भिंत गोल, कपाट टेकत न्हाई, फटीत बटणं जातात. म्हणून हर्ष म्हणला, मागचा सरळ भिंतीचा गाळा देऊ. भाडं तेच.”

“मंग मला विचारायचं होतं.”

“त्याच्यासाठीच तर डबा दिल्ता. म्हणलं, परत द्यायला येशील तवा बोलू.”

म्हणजे खबर अगदीच खोटी नव्हती. सोनूबाई चालली, पण कुणी काढली म्हणून नाही, माझ्या वळणामुळं. कपाट हललं तेव्हा मागून सुया, बटणं, एका गिऱ्हाइकाचे हरवलेले हूक निघाले. तिनं ते सगळं वेचून घेतलं. मला तिच्याकडं बघवेना.

माझ्यापुढं फोटो खुशाल काढा. पण कुणाबद्दल बोलायचं असेल, तर तेवढं वळण चालून त्या माणसाच्या दारात जा.

परवा लाडबाईंचा डबा साखर घालून परत गेला म्हणे. मागच्या जिन्यानं गेला. माझ्यासमोरून नाही.