माझ्या वशिंडातलं भोक

मी एक जुना लाकडी बैल आहे, वडनेरचा. सागाचं अंग, पायांखाली चार चाकं आणि वशिंडात आरपार गेलेलं एक भोक. मित्रांनो, त्या भोकाने एका सणाला जे घडवलं, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

मला रूपरावांनी घडवलं. एकाहत्तरच्या लढाईहून ते परतले ते मुके झाल्यासारखे. वावरात पाऊलसुद्धा टाकेनात. त्र्याहत्तर साली मात्र लेकीच्या, नलूच्या, तान्ह्या पोळ्यासाठी त्यांनी पटाशी हाती घेतली. वशिंडातलं भोकही त्यांनीच पाडलं; का, ते मला तेव्हा कळलं नाही.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस; त्या दिवशी मुलं आपापले लाकडी बैल सजवून पारावर आणतात. तिथे नंबर काढणारे नानाजी मोठे हौशी. "पोरी, तुह्या बैलाले कीड लागली वो!" म्हणत त्यांनी भोकात लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरली, वर रंग फासला, फौजीची लेक म्हणून पाठीवर पुठ्ठ्याचा रणगाडा बसवला आणि मला पहिला नंबर देऊन टाकला! टाळ्या कडाडल्या.

रूपराव गर्दीतून धावत आले आणि खिळ्याने लांबी खरवडू लागले.

"नानाजी, ते कीड नाई. ते माही गोळी हाय."

खरवडता खरवडता त्यांनी लढाईतली ती गोष्ट सांगितली. सरहद्दीपलीकडे धुक्यात काही हललं, दुश्मन समजून रूपरावांनी गोळी झाडली. ती एका बैलाच्या वशिंडातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागली. तो साधा शेतकरी निघाला. मला घडवणारे हात हेच? मी लाकूड असूनही हादरलो.

"सणाच्या दिवशी हे काऊन?" कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात गावातल्या सीताबाई नैवेद्याचं ताट घेऊन पुढे आल्या. त्यांचा मुलगा त्याच लढाईत मारला गेला होता. आता या मला उचलून फेकणार, असंच वाटलं.

"काय करून राह्यला होता रे तो?" त्यांनी विचारलं.

"वावर वखरून राह्यला होता, काकू."

त्यांनी माझ्या भोकावरून बोट फिरवलं. मग ताटातला पुरणाचा घास त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"हा त्याच्या नावाचा. माह्या पोराच्या नावाचा तिकडं कोन्या मायनं ठेवला असन."

रूपराव ओक्साबोक्शी रडले. त्या हंगामात ते वावरात गेले.

आज पंच्याऐंशी साल आहे. रूपरावांनी मला सीताबाईंना देऊन टाकलं, तेव्हापासून मी त्यांच्याच घरी असतो. अंगाला तडे गेलेत, एक चाक निखळलंय. मित्रांनो, मला तेल लावा, ओलीपासून जपा. त्या शेतकऱ्याचं नाव रूपरावांनाही माहीत नाही, आणि इथे त्याची माझ्याशिवाय दुसरी खूण नाही.