पहारेकऱ्याचे दोन कप

सिनेनट थॅडियस गॅस्किन्स मंगळवारी गेला आणि बुधवारच्या बातम्यांत त्याच्या नावाखाली दुसऱ्याच नटाचा, कॉर्नेल व्हिटलोचा, फोटो झळकला. कॉर्नेल तेव्हा स्वतःच्या स्वयंपाकघरात अंडी खात बसला होता. त्याच्या बहिणीने फोनवर हंबरडा फोडला, तेव्हा घास गिळून तो म्हणाला, की बाई, मी गेलो असलो तरी न्याहारी संपवूनच जाईन.

ही गोष्ट दुपारपर्यंत इंगलवुड गावभर झाली. न्हाव्याच्या दुकानात लोक पोट धरून हसले. ओझेला, म्हणजे थॅडियसची बायको, हसली नाही आणि चिडलीही नाही. हे असंच होणार याची तिला खात्रीच होती. अख्ख्या संसारात तिने दुसरं काय पाहिलं होतं?

दोघे नट एकसारखे दिसायचे म्हणावं, तर तेही नाही. थॅडियसचा चेहरा लांबोडका, कॉर्नेलचा वाटोळा. पण कामं तीच: पहारेकरी, बसड्रायव्हर, एका वाक्याचा न्यायाधीश, आणि नायकाला शहाणपण सांगून लगेच मरणारा त्याचा काळा दोस्त. सिनेमावाल्यांना एक मिळाला नाही की ते दुसऱ्याला बोलवत, आणि बघणाऱ्यांना फरक पडत नसे. बाजारात कुणी बाई थॅडियसला 'मिस्टर व्हिटलो' म्हणून गाठायची, आणि हा सद्गृहस्थ मुकाट्याने 'कॉर्नेल व्हिटलो' अशी सही ठोकून द्यायचा. गाडीत बसल्यावर ओझेला त्याला फैलावर घ्यायची. त्याचं उत्तर ठरलेलं. अगं, ती बाई खूश होऊन गेली ना, मग तुझं काय गेलं?

तिचं काय गेलं, ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. आपला नवरा जन्मभर दुसऱ्याच्या खात्यात जमा होतोय, हे तिला सहन होत नव्हतं. म्हणून आता तिचं मागणं एकच होतं. शनिवारी चर्चमध्ये त्याला निरोप देताना तरी तो थॅडियसच असावा. तेवढा वेळ तरी कुणी त्याला दुसरा कुणी समजू नये.

आणि नेमका शुक्रवारी कॉर्नेलचा फोन आला. उद्या येतोय म्हणाला. वर म्हणाला, "वहिनी, टीव्हीच्या हिशेबाने मेलोय मी. मला यायलाच हवं."

ओझेलाने कोरडेपणाने आभार मानले, फोन ठेवला आणि लगेच मदर क्रम्पला लावला. मदर क्रम्प, चर्चमधली सगळ्यांत वडीलधारी बाई, दाराशी पांढरे हातमोजे घालून उभी राहायची, आणि तिने बोट दाखवलेल्या बाकाशिवाय दुसरीकडे बसायची पास्टरचीही टाप नव्हती. त्या माणसाला शेवटच्या बाकावर बसवा, ओझेलाने सांगितलं, आणि बोलणाऱ्यांत त्याचं नाव येऊ देऊ नका. मदर क्रम्पने कारण विचारलं नाही. तिला सगळ्यांची कारणं आधीच माहीत असायची.

शनिवारी चर्च गच्च भरलं. बायकांच्या टोप्या अशा ऐसपैस, की मागच्यांना शवपेटी कळायची ती फुलांच्या वासावरून. बोलणाऱ्यांना प्रत्येकी दोन मिनिटं असं कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं होतं, आणि नेहमीप्रमाणे ते कुणी वाचलं नव्हतं. एकाने आपण थॅडियसला विकलेल्या गाडीचीच तारीफ केली. एका बाईने स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची साद्यंत हकीकत सांगितली, कारण थॅडियस तिला बघायला गेला होता. भला माणूस, देवमाणूस, सगळं म्हणून झालं. त्याच्या एका कामाचं नाव मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. पहिल्या बाकावर बसून ओझेला ही बाकी मनात मांडत होती.

मग चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन प्युरिफॉयने पडदा सोडला. त्याने थॅडियसच्या सिनेमांतल्या कामांचे तुकडे स्वतः जोडले होते आणि आधी कुणाला दाखवले नव्हते. त्याला कौतुक एकट्यालाच हवं होतं. पहिला तुकडा गोदामातल्या पहारेकऱ्याचा. थॅडियसचा लांब चेहरा पडद्यावर आला आणि ओझेलाला हायसं वाटलं. पण आता गोळी लागणार होती, म्हणून तिने सवयीने डोळे मिटले. नवऱ्याला मरताना तिने कुठल्याच सिनेमात बघितलेलं नव्हतं. थिएटरात तोच तिच्या गुडघ्यावर थाप मारून सांगायचा, हं, उघड आता, मेलो मी.

आज थाप कोण मारणार? आवाज विरल्यावर तिने अंदाजाने डोळे उघडले, तर पडद्यावर न्यायाधीश होता. कॉर्नेल व्हिटलो. त्याच्यामागून इस्पितळातला वॉर्डबॉय आला. तोही कॉर्नेलच.

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं. "बघा, कसा शोभतोय आपला थॅडियस."

टीव्हीवाल्यांचं एक वेळ सोडा. प्युरिफॉय तर गायकांच्या रांगेत वर्षानुवर्षं थॅडियसला खेटून उभा राहिलेला. ओझेलाच्या हातातला रुमाल पिळला गेला. उठून थांबवावं तर भर प्रार्थनेत शोभा, आणि गप्प बसावं तर तिचा नवरा कॉर्नेल व्हिटलो म्हणून पुरला जाणार.

"जरा थांबवा," शेवटच्या बाकावरून आवाज आला. "हा मी आहे."

सगळ्या टोप्या एकदम वळल्या. कॉर्नेल काठी टेकत मधल्या वाटेने पुढे येत होता. मदर क्रम्पने त्याला अडवायला हातमोजा उचलला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, खाली केला. उरलंसुरलं न्यायला आला हा, ओझेलाला वाटलं. पास्टर ब्रॉडनॅक्सनी दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन मिनिटं.

"न्यायाधीश मी आहे," कॉर्नेल म्हणाला. "डोळे बघा माझे. जेवणाची सुट्टी कधी होते, एवढंच चाललंय डोक्यात. डीकनसाहेब, मागे घ्या. पहारेकऱ्यापर्यंत."

प्युरिफॉयने मागे घेतलं.

"पुढे तो गोरा नायक बोलतोय, त्याला बोलू द्या. तुम्ही मागे बघा."

मागे अंधुक उजेडात थॅडियस थर्मासमधली कॉफी कपात ओतत होता. मग त्याने टेबलाच्या खणातून दुसरा कप काढला, रुमालाने आतून पुसला, तोही भरला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"हे कुणी लिहिलेलं नव्हतं," कॉर्नेल म्हणाला. "मला माहीत आहे, कारण हे काम आधी मला विचारलं होतं. मी तिथे नुसता खांबासारखा उभा राहिलो असतो. यानं दुसरा कप भरला. म्हणजे कुणीतरी येणार आहे, याची कुणाशी तरी दोस्ती आहे. तोंडातून एक शब्द नाही. आता गोळी लागेल. याच्याकडे नका बघू, टेबलाकडे बघा."

ओझेलाच्या पापण्या मिटायला लागल्या. तिने त्या मिटू दिल्या नाहीत.

गोळी सुटली. थॅडियस टेबलाला धडकून खाली गेला. त्याचा कप कलंडला. दुसरा जागेवरच राहिला आणि त्यातून वाफ येत राहिली.

"अरे, प्या रे कुणीतरी ती कॉफी," दाराशी मदर क्रम्प पुटपुटली, पण तिचं पुटपुटणं सगळ्या चर्चला ऐकू जायचं. आधी गायकांची रांग हसली, मग टोप्या हलायला लागल्या, आणि पास्टरांनी तोंडावर पुस्तक धरलं.

हसू ओसरल्यावर कॉर्नेल ओझेलाकडे वळला. त्याने सांगितलं, की एकदा मेम्फिसच्या विमानतळावर एक नर्स त्याचा हात धरून रडली होती. मिस्टर गॅस्किन्स, तो दुसरा कप माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, असं म्हणाली होती. तो मी नव्हे, असं कॉर्नेलने सांगायला हवं होतं. नाही सांगवलं. तिने कागद पुढे केला, तेव्हा त्याने सही केली.

"कुणाच्या नावाची?" ओझेलाने बसल्या जागेवरून विचारलं. त्या दिवशी चर्चमध्ये ती पहिल्यांदाच बोलली.

"त्याच्या. थॅडियस गॅस्किन्स. आणि ती काही एकटी नव्हती, वहिनी. शिकागोत, डेट्रॉइटात, माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात. तुमच्या नवऱ्याची सही आता मला माझ्यापेक्षा झोकात येते."

ओझेला हसली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. शेजारची बाई पंखा घेऊन धावली, तर हिने तिला हातानेच बाजूला केलं. थॅडियसला ओळखणारी माणसं होती. इतकी वर्षं होती, आणि ती त्याचंच नाव मागत होती. पास्टरांची दोन मिनिटं केव्हाच संपली होती. तिने मान हलवून त्यांना राहू द्या म्हणून सांगितलं.

खालच्या हॉलमध्ये जेवणं चालू झाली तेव्हा प्युरिफॉय ताट हातात धरून तिच्यासमोर उभा राहिला. ताटातल्या कोंबडीला त्याने हात लावला नव्हता. संगणकावर थॅडियसच्या नावाखाली जे सापडलं ते मी घेतलं, तो म्हणाला, आणि इतकी वर्षं शेजारी उभा राहून मला फरक कळू नये, याची मला लाज वाटते. कॉर्नेलचे तुकडे आजच्या आज कापून टाकतो.

"कापू नका," ओझेला म्हणाली. "फक्त खाली नावं घाला. ज्याचं त्याला. मोठ्या अक्षरात."

कॉर्नेल मागे कुठेतरी ताट घेऊन जागा शोधत होता. तिने मदर क्रम्पला खूण केली. मदर क्रम्पने ओझेलाच्या शेजारच्या खुर्चीवरून पास्टरांच्या मेव्हणीला उठवलं आणि कॉर्नेलला बोट दाखवलं.

मंगळवारपासून ओझेलाच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. तिने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला, पालेभाजी घेतली, आणखी घेतली, आणि तिसऱ्या घासाला चमचा खाली ठेवून मदर क्रम्पकडे बघितलं.

"भाजी तुम्ही केलीत ना? मीठ जास्त पडलंय."

मदर क्रम्पच्या भाजीला असं तोंडावर म्हणणारी अख्ख्या चर्चमध्ये एकच बाई होती. मदर क्रम्पने हातमोजे काढले, नीट घडी करून पर्समध्ये टाकले आणि शेजारणीला सांगितलं, की आता हिची काळजी नको.