पदकाच्या कडेचा पोचा

बाजारात त्याला सगळे भिंगवाले म्हणत. जुनी लष्करी पदकं पारखण्याचं आणि जपण्याचं त्याचं छोटंसं दुकान होतं, आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग जेवतानाही उतरत नसे. "भाजीतही कुणाची छाप सापडते का बघताय?" बायको विचारायची. पण त्या धंद्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. पदकाच्या कडेवर मुंगीएवढी खूण असते, ते घडवणाऱ्या कारखान्याची. ती वाचून पदक अस्सल की मागाहून पाडलेली नक्कल, हे तो झटक्यात सांगे.

घरातलंच एक पदक मात्र त्याने कधी भिंगाखाली धरलं नव्हतं. ते त्याच्या आईचं होतं. तरुणपणी ती लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात नर्स होती. आता तिची नजर पार गेली होती. पदक उशाशी एका कापडी पिशवीत असायचं. दुपारी पडल्या पडल्या ती ते काढायची, अंगठा कडेवरून सावकाश फिरवायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. चांदी काळीठिक्कर पडली होती, फीत विरली होती, दोनदा शिवलेली होती, आणि कडेला चांगला नखभर पोचा होता.

एक दिवस इस्पितळातून फोन आला. जुन्या नर्सबाईंचा सत्कार होता, पदकं लावून या म्हणाले.

"आई, दे बघू तुझं पदक. जरा नजर टाकतो."

"टाक की. पण लवकर आण हं."

दुकानात त्याने ते भिंगाखाली घेतलं आणि दिवा जवळ ओढला. पोच्याच्या आत, दबलेल्या चांदीत, एक अक्षर आणि अर्धं पान दिसत होतं. पानाची खूण असलेला एक कारखाना लढाई संपता संपता बंद पडला होता. त्याची छाप त्याने नुसती पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. जन्मभर लोकांची पदकं पारखली आणि हे आईच्या उशाशी पडून होतं!

पण अर्ध्या पानावर खात्री कशी द्यायची? नक्कल करणाऱ्यांनीही पानं काढली होती. गिऱ्हाइकांना तो डोळे वटारून सांगायचा, घासू नका, ठोकू नका, आहे तसं राहू द्या. त्या दिवशी ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. त्याने पदक चामड्यावर ठेवलं, लाकडी दांडा टेकवला आणि हलक्या ठोक्यांनी पोचा उठवला. पान पुरतं वर आलं, देठासकट. पदक अस्सल होतं! तो एकटाच हसला.

आता ठोकलेली जागा तेवढी पांढरी चमकायला लागली, काळ्या कपड्याला ठिगळ लावल्यासारखी. म्हणून त्याने सगळंच उजळवलं. उजळल्यावर फीत पोतेऱ्यासारखी दिसायला लागली. म्हणून फीत बदलली.

संध्याकाळी बायकोने पाहिलं. "अहो, आईंना विचारलंत का?"

"अगं, खूश होईल ती."

त्याने पदक आईच्या तळहातावर ठेवलं. तिचा अंगठा कडेवरून एकदा फिरला. मग पुन्हा फिरला, उलट्या बाजूने.

"कुणाचं आहे हे?"

"तुझंच की गं!"

"माझं नाही हे."

"अगं, मी साफ केलंय. हे बघ, कडेला पानाची छाप आहे. फार थोडी घडवली होती त्यांनी." त्याने तिचं बोट धरून छापेवर टेकवलं. "लागतंय हाताला?"

"नाही रे. गुळगुळीत आहे सगळं."

तो अजिजीने समजावत राहिला. शेवटी मुलाचं मन मोडायला नको म्हणून तिने मान डोलावली. सत्काराला ते लावून गेली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. परतताना गाडीत तिने पिन काढून पदक त्याच्या हातात दिलं.

"ज्याचं असेल त्याला देऊन टाक. आणि माझं आण."

तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "आई, पोचा मी काढला. ठोकून."

तिने रिकामा हात मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ताईने पाडला होता तो."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आजारपणात गेली, त्याला तीन-चार वर्षं झाली होती.

"तू झाला नव्हतास. रस्त्यात पोरी ठिकरीचा खेळ खेळायच्या. हिला ठिकरी मिळेना, हिने कपाटातलं पदक नेलं आणि फरशीवर फेकत बसली. चौकटीत बरोब्बर पडायचं म्हणे. मी पाहिलं आणि एक ठेवून दिली तिला. जन्मात एकदाच. पुढे फीत विरली की तीच शिवून द्यायची. तिचा टाका लांब पडायचा, हाताला कळायचा."

"मला सांगितलं नाहीस कधी."

"तू विचारलं नाहीस कधी."

घरी पोचताच तो तडक दुकानात गेला. जुनी फीत कचऱ्याच्या डब्यात टाकली होती आणि डबा सकाळीच रिकामा झाला होता. कोपऱ्यावरच्या मोठ्या कचरापेटीत हात घालून त्याने चाचपून पाहिलं, तीही रिकामी. पोचा परत पाडता येईल का, असा वेडा विचारही मनात आला. हातोडा उचललाही त्याने. पण तो पोचा त्याचा झाला असता, ताईचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी तो खुर्ची ओढून आईजवळ बसला. "ताई कुठे खेळायची?" त्याने विचारलं. आई सांगत गेली, कोपऱ्यावरचा नळ, पोरींची भांडणं, ताईची एका पायावर उडी मारायची तऱ्हा. मध्येच सवयीने तिचा हात उशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. त्याने पदक पुढे केलं.

"तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "तुला वाचता येतं त्यातलं. मला येत होतं ते आता त्यात नाही."