दोरीविना लाकूड

सिटोटीने काठी गरम राखेतून काढली, झाडाच्या बेचक्यात अडकवली आणि अंगाचा भार टाकून हळूहळू वाकवली. लाकूड कुरकुरलं, मोडलं नाही. साल सोलून झाली होती, दोन्ही टोकं सुरीने तासून निमुळती केली होती. असं सरळ लाकूड आता टेकड्यांवर औषधालाही सापडत नाही. गुरंवाल्यांनी कुंपणासाठी सगळं तोडून नेलं. जुनं धनुष्य मोडल्यापासून त्याच्या हातून झोपडीत मांस आलं नव्हतं.

पलीकडे सासू वांडे कंद भाजत होती. जावयाशी ती थेट बोलायची नाही, ते रीतीत बसत नाही. पण लेकी बोले, जावया लागे.

"हान्जा, तुझा नवरा लाकडावर चरबी चोळतोय की काय गं? त्यापेक्षा ती मला दे, कंदाला लावते."

"आई, गप ना."

"गप काय! मांस नाही आलं तर उद्या तुला घेऊन कांद्याच्या शेतावर जाते. तिथे निदान मजुरीत मक्याची उगाली तरी मिळते."

धनुष्य तयार होतं, दोरी नव्हती. दोरीला झेब्र्याच्या मानेचा स्नायू लागतो, झेब्रा मारायला धनुष्य लागतं. घोडं अडलं ते इथे. स्नायू वस्तीत एकट्या दान्झेकडे होता, तोही जुगारात जिंकलेला. पुरुष खेळत बसायचे त्या झाडाखाली धनुष्य घेऊन जाऊन सिटोटीने तो मागितला.

"नुसता मागितलास म्हणून कसा देऊ? उद्या मीही तो डावावर लावणार आहे," दान्झे म्हणाला. "खेळ की. काय लावतोस?"

"हे."

"येडा झालास? धनुष्य कोणी लावतं का!"

बाण लावावेत, सुरी लावावी. शिकारीचं धनुष्य कधीच डावावर चढत नाही. सिटोटी हसला.

"दोरी कुठाय याला? दोरीविना हे नुसतं लाकूड."

सगळे हसले. मुद्दा बिनतोड होता. नाहीतरी दोरी नसेल तर त्या काठीचा उपयोग काय, असं त्याने स्वतःला समजावलं.

सालीच्या चकत्या बुंध्यावर आपटल्या. मोठी चकती ज्या बाजूने पडेल, त्याच बाजूने ज्याची लहान चकती पडेल, तो जिंकणार. दान्झेची तशी पडली. सिटोटीची उलटी.

दान्झे ओशाळला. "परत ने यार."

पण नेणार कसं? हे धनुष्य नाही, असं चारचौघांत त्यानेच सांगितलं होतं. धनुष्य म्हणून परत नेलं तर रीत मोडून खेळलो हे कबूल करायचं. सिटोटीने नकारार्थी मान हलवली आणि तो रिकाम्या हातांनी झोपडीकडे आला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

बातमी त्याच्या आधीच पोचली होती. हान्जा सामान बांधत होती. वांडे चुलीपाशीच होती. तो खाली मान घालून बसला, आता ती काय काय बोलेल याची वाट बघत.

वांडेने सगळ्यात मोठा कंद फुंकर मारून गार केला आणि लेकीच्या हातात दिला.

"आधी त्याला दे गं," ती हळूच म्हणाली. "शेत लांब आहे, बिचारा थकेल."