माउथ ऑर्गनची पट्टी

फोनवरची सुई थरथरत वर चढायची आणि हिरव्या रेषेच्या अलीकडे, दर वेळी त्याच जागी थांबायची. जुनेद पुन्हा श्वास भरून तो वरचा सूर लावायचा. सुई पुन्हा तिथेच.

"अब्बा, अजून थोडं," लाइबा म्हणाली. ती फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. सूर मोजायचं ॲप तिनेच शोधलं होतं.

"तेवढ्या थोड्यातच सगळं बुडालं होतं, बेटा."

शहागंजातल्या जुनेदच्या कूलर दुरुस्तीच्या दुकानात सुदर्शन खसच्या जाळ्यांवर ऐसपैस बसला होता. सकाळच्या एसटीने तो कन्नडहून आला होता. पंचवीस वर्षांपूर्वी जुनेद, सुदर्शन, ओवैस आणि सत्यम या चौघांचा 'चार चाँद' नावाचा गाण्याचा ग्रुप होता. एकसारखी पांढरी जाकिटं, एकच कॅसेट, आणि त्यातलं एक गाणं रिक्षा-रिक्षातून वाजलेलं. स्टेजवर कॅसेट लावायची आणि ओठ हलवायचे. एका कार्यक्रमात कॅसेट अडकली. लोक ओरडले, "गाओ, गाओ!" की-बोर्डवाल्याने कॅसेटचीच पट्टी धरली आणि वरच्या सुरावर जुनेदचा आवाज फाटला. मैदानभर हशा पिकला. पुढे कॅसेट कंपनीने फोन उचलणं बंद केलं. त्यानंतर आजपर्यंत जुनेद कधी गायला नव्हता. लाइबाला झोपवतानासुद्धा नाही.

यंदा कुणीतरी त्या गाण्यावर रील केली आणि ते पुन्हा गल्लोगल्ली पोचलं. अतुल नावाच्या आयोजकाला चौघेही स्टेजवर हवे होते, खरोखर गाताना. तिघांनी होकार दिला होता. जुनेद दीड महिना नुसता "सांगतो" म्हणत होता.

"आज पोस्टर छापायला चाललंय," सुदर्शन म्हणाला. "हो म्हण नायतर नाय म्हण. लटकवू नको बे."

"पुन्हा फाटला तर? तेव्हा हसणारे परके होते. आता ही पोरगी समोर बसंल."

सुदर्शनने खिशातून माउथ ऑर्गन काढलं, फोनवर गाणं लावलं आणि सोबत वाजवू लागला. दोन ओळींत थांबला.

"लई बेसूर लागतंय."

"तू कवा सुरात होतास?"

"गप ए. हेच वाजवलं होतं रेकॉर्डिंगला. दुसरं होतंच कुठं माझ्याकडं?"

लाइबाने मान वर केली. "काका, नुसता पहिला सूर वाजवा." तिने तो मोजला, मग गाण्यातला मोजला. पुन्हा एकदा दोन्ही मोजले. "गाण्यातलं माउथ ऑर्गन वर आहे. आतल्या धातूच्या पट्ट्यांचा सूर नुसत्या जुनेपणाने एवढा उतरत नाही. आणि अब्बा, तुम्ही बरोबर तेवढेच खाली आहात."

जुनेदने समोर उघडून ठेवलेल्या मोटरकडे पाहिलं. वेग वाढला की तिची घरघर बारीक होत वर जायची, रोजचंच ते.

"मोटर पळवली," तो सावकाश म्हणाला. "कॅसेट भरताना टेपचं मशीन जोरात फिरवलं कंपनीवाल्यांनी. आवाज कोवळा वाटावा म्हणून."

"म्हणजे त्या पट्टीत..."

"त्या पट्टीत कुणी गायलंच नव्हतं, सुदर्शन."

सुदर्शनने आधी एक शिवी हासडली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. जुनेद हसला नाही. पाण्याने भरलेला कूलर कुणीतरी छातीवरून उतरवून घ्यावा, तसा तो नुसता श्वास घेत राहिला.

"वाजव," तो म्हणाला.

सुदर्शनने वाजवलं. जुनेद डोळे मिटून गायला. वरचा सूर आला आणि गेला. त्यासाठी मान ताणावी लागली नाही. डोळे उघडले तेव्हा दारात पारूबाई उभ्या होत्या.

"गाणं गोड हाय, भाऊ. पण माझ्या कूलरचा पंप?"

"झालाय, मावशी, झालाय."

तो पंप पिशवीत घालत असतानाच फोन वाजला. लाइबाने स्पीकर लावून फोन समोर धरला.

"जुनेदभाई," अतुल वैतागून म्हणाला, "पोस्टरवर तीनच नावं टाकू का?"

"चार टाका," जुनेद म्हणाला. "मी गाणार. पण आमच्या माउथ ऑर्गनच्या पट्टीत."