सहा वाजून दोन मिनिटं

हो हो, मीच बोलतोय, दाराशेजारच्या भिंतीवरचं हजेरीचं घड्याळ! फटीत कार्ड घाला, मी खटकन वेळ छापतो. काम एवढंच, पण तोरा काय विचारता! पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या या कारखान्यात माणसं अवघी सहा, आणि सगळी मला वचकून.

मालकांनी मला मोठ्या हौसेनं आणलं. म्हणाले, "आता कळेल, कामाचा कळवळा कोणाला आहे ते!" भोळा जीव! स्वतः पाचलाच माल पोचवायला निघून जायचे.

खळ लावणाऱ्या मावशी रोज सहा वाजून दोन मिनिटांनी कार्ड छापायच्या आणि पुन्हा आत जायच्या. ब्रश धुवायच्या, उद्याची खळ कालवायच्या, नव्या मुलीला कोपरे दुमडायला शिकवायच्या.

"मावशी, कार्ड नंतर छापा की," ती म्हणायची.

"छे गं! आता वेळ माझा. त्यात मी काय करायचं ते मी बघीन."

पुठ्ठा कापणारे भाऊ मात्र साडेसातला छापायचे. गप्पा संपल्याशिवाय कोण हलतंय!

मग एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. एका माणसाला कमी करणं भाग होतं. मालकांनी कार्डं पसरली, आणि नेमकं मावशींना घरी बसवलं. मी सांगणार कसं? मला 'आला' आणि 'गेला' एवढंच येतं. मावशी फक्त "बरं" म्हणाल्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी ब्रश वाळून कडक, खळीत गाठी, खोक्यांचे कोपरे उकललेले.

"हे सगळं रोज कोण बघायचं?" मालक कडाडले.

"मावशी," नवी मुलगी म्हणाली. "सहानंतर. तुम्ही नसता तेव्हा."

मालक तडक गेले आणि "चुकलो हो मावशी" म्हणत त्यांना घेऊन आले. त्या संध्याकाळी मावशींनी सहा वाजून दोन मिनिटांनी कार्ड छापलं, पिशवी उचलली आणि सरळ घरी गेल्या. रोज तसंच. कार्ड बघाल तर काहीसुद्धा बदललेलं नाही! म्हणून सांगतो मालकलोकहो, मला वेळ विचारा, माणसं विचारू नका.

आता मालक माल पोचवून परत येतात आणि सहानंतर स्वतः बाह्या सरसावून खळ कालवतात. काल जाता जाता मावशी दारात थबकल्या.

"पाणी फार झालंय," म्हणाल्या, आणि गेल्या.

मालकांचा चेहरा असा काही खुलला म्हणून सांगू!